मठाधिपति ग्रेगोर मेंडेल यांचें अल्प चरित्र

महोत्सवाच्या पुस्तिकेंत एखाद्या संताचें चरित्र यावें असा आपला प्रघात आहे. प्रस्तुत लेख ज्यांच्याविषयीं लिहिला आहे त्यांना ख्रिस्तसभेनें संतपद दिलेलें नाहीं. त्यांच्या हातून चमत्कार घडला नाहीं, धर्मासाठीं रक्त सांडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाहीं. ते एका गरीब शेतकऱ्याचे पुत्र होते, मठवासी धर्मगुरु होते, दोनदां परीक्षेंत अपयश आलेले शिक्षक होते. आणि ज्या शास्त्राला आज आनुवंशिकताशास्त्र म्हणतात त्याचा पाया त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्याच्या वेलींवर घातला. वरसें-रोह्याच्या भातशेतांत वाढलेल्या आपल्या लोकांस ही हकीकत परकी वाटूं नये, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ऑस्ट्रियन साम्राज्याच्या सिलेशिया प्रांतांत, मोराव्हियाच्या सीमेलगत, हाइन्झेंडॉर्फ नांवाचें एक खेडें होतें. आज तें चेक प्रजासत्ताकांत मोडत असून हिंचित्से या नांवानें ओळखलें जातें. तेथें २० जुलै १८२२ रोजीं आंतोन व रोझिने मेंडेल या शेतकरी दांपत्यास पुत्र झाला. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याचें नांव योहान ठेविलें. वेरोनिका ही त्याची थोरली बहीण व तेरेझिया ही धाकटी. घरची जमीन थोडी, आणि त्या काळच्या चालीप्रमाणें आठवड्यांतील तीन दिवस जमीनदाराच्या शेतांत फुकट राबावें लागे. कोंकणांतील खोती १९४९ च्या कायद्यानें नाहींशी झाली. पण ज्यांच्या आजा-पणज्यांनीं ती सोसली त्यांस आंतोन मेंडेल यांच्या घरची चूल कशी पेटत असेल हें वेगळें सांगावयास नको.

त्या भागाचे धर्मगुरु फादर योहान श्रायबर हे मोठे उद्योगी गृहस्थ होते. त्यांनीं फळझाडांची रोपवाटिका लाविली होती, ते शेतकऱ्यांस चांगल्या जातींचीं कलमें देत, आणि मुलांना बागकामाची गोडी लावीत. धर्मगुरूनें वेदी सोडून लोकांच्या बांधावर कितपत जावें, हा वाद आमच्या गुरुविद्यालयांत रात्रीच्या जेवणानंतर पुष्कळ वेळां रंगत असे. त्या वेळीं मला श्रायबर यांचें नांव ठाऊक असतें तर तो वाद लवकर मिटला असता. शाळेच्या व वडिलांच्या बागेंत योहानच्या हातांना मातीची जी संवय लागली ती जन्मभर सुटली नाहीं.

मुलगा बुद्धिमान आहे हें शिक्षकांच्या ध्यानांत आलें व त्यास पुढील शिक्षणासाठीं बाहेरगांवीं पाठविण्यांत आलें. १८३४ सालीं तो ट्रोपाऊच्या विद्यालयांत दाखल झाला. पैसे पुरे पडत नसल्यामुळें त्यास जेवण अर्धेंच मिळे. उरलेली भूक घरून गाडीवाल्याबरोबर आलेल्या पाव-लोण्यावर भागवावी लागे. १८३८ सालीं जमीनदाराच्या रानांत राबत असतां एक ओंडका वडिलांच्या अंगावर कोसळला व ते कायमचे अधू झाले. सोळा वर्षांच्या योहानास तेव्हांपासून शिकवण्या करून आपलें पोट भरावें लागलें. पुढें ओलोमौच येथें तत्त्वज्ञानाच्या वर्गांत गेल्यावर ओढाताणीनें व काळजीनें तो आजारी पडला आणि कित्येक महिने घरीं पडून राहिला. अशा वेळीं धाकट्या तेरेझियानें आपल्या लग्नासाठीं राखून ठेविलेल्या वांट्यांतील कांहीं भाग भावाच्या शिक्षणासाठीं सोडून दिला.

१८४३ च्या ऑक्टोबरांत योहान ब्र्यून येथील, म्हणजे आजच्या ब्र्नो शहरांतील, संत थॉमसच्या आगुस्तीनियन मठांत दाखल झाला. त्याच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं तशी शिफारस केली होती. मठांत त्यास ग्रेगोर हें नांव मिळालें. पुढें एका निवेदनांत मेंडेल यांनीं स्वतःच मोकळेपणानें नमूद केलें आहे कीं, पोटापाण्याच्या चिंतेंतून सुटका व्हावी अशी त्यांना तेव्हां गरज होती व परिस्थितीनेंच हा मार्ग ठरविला. चरित्रकार ही गोष्ट सहसा घाईनें ओलांडून जातात. मला ती मोलाची वाटते. देवाची हाक नेहमीं प्रार्थनेच्या शांततेंतच ऐकूं येते असें नाहीं. कोणाला ती भुकेच्या दारानें येते, आणि ती खरी होती कीं नाहीं याचा निवाडा पुढील चाळीस वर्षें करितात.

मठाचे प्रमुख सिरिल नाप हे विद्येचे मोठे चाहते होते. मठांत उत्तम ग्रंथालय होतें, आणि तेथील बंधु शहरांतील विद्यालयांतून अध्यापन करीत. ६ ऑगस्ट १८४७ रोजीं, प्रभूच्या रूपांतराच्या सणादिवशीं, ग्रेगोर यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांच्याकडे आजाऱ्यांना भेटण्याचें काम आलें, आणि येथें एक विलक्षण गोष्ट घडली. मरणाच्या दारीं टेकलेल्या माणसांच्या यातना पाहून ते इतके हवालदिल होत कीं शेवटीं स्वतःच अंथरुणास खिळले. नाप यांनीं त्यांस दोष न देतां त्या कामांतून मोकळें केलें व १८४९ सालीं झ्नाइम गांवीं बदली शिक्षक म्हणून धाडलें. पहिल्या रुग्णाभ्यंगाच्या रात्रीं मलाहि झोंप आली नव्हती, म्हणून मला त्यांच्यावर हंसवत नाहीं.

शिकविण्यांत मात्र त्यांचा हातखंडा होता. विद्यार्थी त्यांच्यावर लोभ करीत. परंतु कायमच्या नोकरीसाठीं सरकारी परीक्षा लागे, आणि १८५० सालीं ते त्या परीक्षेंत नापास झाले. मठानें त्यांस १८५१ पासून १८५३ पर्यंत व्हिएन्ना विद्यापीठांत पाठविलें. तेथें डॉपलर यांच्याकडून त्यांनीं पदार्थविज्ञानाचे प्रयोग कसे मांडावे हें घेतलें, गणिताची दृष्टि घेतली, आणि फ्रान्झ उंगर यांच्यापाशीं वनस्पतिशास्त्राचे पाठ घेतले. १८५६ सालीं ते पुन्हां परीक्षेस बसले; या वेळीं प्रकृति बिघडून ती अर्ध्यावरच सोडावी लागली. यानंतर ते परीक्षेच्या वाटेस गेले नाहींत. चौदा वर्षें त्यांनीं ब्र्यूनच्या विद्यालयांत शिकविलें, पण ते शेवटपर्यंत प्रमाणपत्र नसलेले शिक्षकच राहिले.

त्याच १८५६ सालीं त्यांचे वाटाण्यावरील प्रयोग सुरू झाले. त्या काळीं विद्वानांची अशी समजूत होती कीं, आईबापांचे गुण संततींत ताकांत पाणी मिसळावें तसे मिसळून जातात. तसें असतें तर पिढी दर पिढी सर्व भेद पुसट होत गेले असते. पण नातवाच्या तोंडावर आजोबांचें नाक उमटलेलें आपण पाहतोंच. मधल्या पिढीला चुकवून एखादा गुण परत कसा येतो, हें कोडें मेंडेल यांनीं धान्याच्या दाण्यांवर सोडविण्याचें मनांत घेतलें.

आपल्याकडे वाटाणा क्वचितच पिकतो, पण भात कापल्यावर जमिनींतील ओलीवर येणारा वाल सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि थंडींतल्या पोपटीमुळें त्याच्या शेंगांची चव ठाऊक नाहीं असें मूल रोह्याकडे सांपडणें कठीण. वाटाणा त्याच कुळांतला. त्याचें फूल मिटलेलें असतांनाच आंतल्या आंत पराग पडून शेंग धरते, त्यामुळें सहसा परका पराग मिसळत नाहीं व जात शुद्ध राहते. संकर करावयाचा असल्यास कळी उमलण्यापूर्वींच चिमट्यानें तिच्यांतील पुंकेसर काढून टाकावे लागतात, मग दुसऱ्या जातीचे पराग तिच्यावर टेंकवून फुलाला पिशवी बांधावी लागते. हें काम मेंडेल यांनीं हजारों फुलांवर केलें. प्रथम त्यांनीं चौतीस जातींचें बीं मिळवून तें दोन वर्षें पारखून घेतलें व बावीस जाती ठेविल्या. त्यांतून सात जोड्या निवडल्या : दाणा गुळगुळीत कीं सुरकुतलेला, आंतून पिवळा कीं हिरवा, वेल उंच कीं ठेंगणी, असें ज्यांत मधलें कांहीं नाहीं तेवढेच भेद घेतले. मठाच्या आवारांत सुमारें ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशी पट्टी त्यांना मिळाली होती. १८५६ पासून १८६३ पर्यंत आठ हंगामांत त्यांनीं अदमासें अठ्ठावीस हजार रोपें वाढवून तपासलीं.

पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या वेलींचा संकर केला तेव्हां पहिल्या पिढीचे सर्व दाणे पिवळे निघाले. हिरवा रंग जणूं मेला. हेच पिवळे दाणे पेरून त्यांच्या वेलींना आपोआप शेंगा धरूं दिल्या, तों दुसऱ्या पिढींत हिरवा रंग परत आला. येथपर्यंत इतरांनींहि पाहिलें होतें. मेंडेल यांनीं अधिक केलें तें एवढेंच कीं, ते दाणे मोजीत बसले. एकूण ८,०२३ दाण्यांपैकीं ६,०२२ पिवळे व २,००१ हिरवे भरले. गुळगुळीत व सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगांत ७,३२४ पैकीं ५,४७४ गुळगुळीत व १,८५० सुरकुतलेले. उंच व ठेंगण्या वेलींत १,०६४ पैकीं ७८७ उंच व २७७ ठेंगण्या. प्रत्येक वेळीं प्रमाण तिनास एक. मग त्यांनीं पुढची पिढीहि पेरून पाहिली. हिरव्यांपासून हिरवेच आले; पण पिवळ्यांपैकीं एक तृतीयांशच खरे पिवळे ठरले, बाकीच्या दोन तृतीयांशांच्या पोटीं हिरवा दडलेला होता.

याचा उलगडा त्यांनीं असा केला. प्रत्येक गुणासाठीं रोपांत दोन घटक असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून आलेला. बीज बनतांना यांपैकीं एकच पुढें जातो, आणि कोणता जाईल हें नाणें उडविल्याप्रमाणें दैवावर असतें. पिवळा प्रभावी, हिरवा अप्रभावी. दोन्ही एकत्र आले तर पिवळाच दिसतो. दोन नाणीं एकदम उडवा : चार प्रकार संभवतात, आणि दोन्हीकडे काटाच पडण्याचा संभव चारांत एक. हिरवा दाणा तो हाच. दोन गुण एकाच वेळीं घेऊन केलेल्या प्रयोगांत ५५६ दाण्यांचे चार वर्ग ३१५, १०८, १०१ व ३२ असे पडले, म्हणजे जवळजवळ नऊ, तीन, तीन व एक. दाण्याच्या आकाराचा घटक रंगाच्या घटकाची वाट पाहत नाहीं. दोघे आपापल्या वाटेनें जातात. त्या घटकांना आज आपण जनुक म्हणतों. मेंडेल यांनीं ते डोळ्यांनीं कधींहि पाहिले नाहींत. मोजणीवरून त्यांचें अस्तित्व ताडलें.

आपल्या शेतकऱ्यांना याचा पडताळा रोज येतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रांत तयार झालेल्या सह्याद्रीसारख्या संकरित भाताचें बीं घरचें राखून का चालत नाहीं, असें मला एकानें विचारलें होतें. त्याचें उत्तर हिरव्या दाण्यांत आहे : संकरित पीक पहिल्या पिढींत एकसारखें येतें, पण त्याचाच दाणा पेरला तर दडलेले गुण बाहेर पडून शेत उंच-ठेंगण्या, हळव्या-गरव्या रोपांची खिचडी होतें. हापूसची कोय लावून हापूस मिळेल याचा भरंवसा नाहीं, रायवळच निघावयाचा, म्हणून आपण कलम बांधतों. उलट जाणूनबुजून संकर केला तर लाभहि होतो. वेंगुर्ल्याहून १९८१ सालीं प्रसृत झालेला रत्ना आंबा नीलम व हापूस यांच्या संकराचा आहे, व हापूसला छळणारा साका त्याच्यांत धरत नाहीं.

असो. १८६५ सालीं ८ फेब्रुवारी व ८ मार्च या दोन सायंकाळीं मेंडेल यांनीं ब्र्यूनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढें आपला निबंध वाचला. सभ्य लोकांनीं सभ्यपणें ऐकून घेतलें. १८६६ सालीं तो छापून निघाला. त्यांनीं चाळीस प्रती वेगळ्या काढून घेतल्या व कांहीं नामांकित विद्वानांकडे धाडल्या. एकट्या म्युनिकच्या नेगेली या प्राध्यापकांशीं पत्रव्यवहार जमला, आणि तोच घातक ठरला. नेगेली यांना निबंधाचें मर्म कळलें नाहीं. त्यांनीं आपल्या आवडीच्या हॉकवीड नांवाच्या रानवनस्पतीवर प्रयोग करण्यास सुचविलें. मेंडेल यांनीं कित्येक वर्षें तीं बारीक फुलें भिंगाखालीं चिमट्यानें उलगडीत डोळे शिणविले, पण नियम कांहीं जुळेना. हॉकवीडमध्यें पुष्कळदां परागाशिवायच बीं धरतें, ही गोष्ट त्या काळीं कोणालाच ठाऊक नव्हती. डार्विन यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचें जर्मन भाषांतर मेंडेल यांनीं खुणा करीत वाचलें होतें. डार्विन यांना मात्र ज्या कोड्यानें छळलें त्याचें उत्तर ब्र्यूनमध्यें छापलेलें आहे याची गंधवार्ताहि नव्हती.

१८६८ सालीं नाप यांच्या पश्चात् मेंडेल मठाधिपति निवडले गेले. मानाचें पद आलें व बागेंतला वेळ गेला. मधमाश्यांचीं पोळीं व हवामानाच्या नोंदी त्यांनीं सोडल्या नाहींत. १८७० च्या ऑक्टोबरांत ब्र्यूनवर जी वावटळ कोसळली तिचें त्यांनीं काटेकोर वर्णन लिहून ठेविलें आहे. पण शेवटचीं दहा वर्षें एका भांडणानें खाल्लीं. १८७४ सालीं सरकारनें मठांच्या मालमत्तेवर धर्मनिधीसाठीं जबर कर बसविला. मेंडेल यांना तो अन्यायाचा वाटला व त्यांनीं तो देण्याचें नाकारलें. इतर मठांनीं हळूहळू तडजोड केली. हे एकटे अडून राहिले, मठाचें उत्पन्न जप्त झालें तरी हटले नाहींत. न्याय त्यांच्या बाजूस असेलहि, परंतु जो मनुष्य हजारों दाणे शांतपणें मोजूं शकला तो येथें मोजमाप विसरला असें म्हणणें भाग आहे. या हट्टानें त्यांचे मित्र दुरावले व प्रकृति ढांसळली. मूत्रपिंडाच्या विकारानें ६ जानेवारी १८८४ रोजीं, तीन राजांच्या सणादिवशीं, त्यांनीं देह ठेविला. अंत्यविधीच्या मिस्साचें संगीत लेओश यानाचेक यांनीं चालविलें. ते पुढें जगप्रसिद्ध संगीतकार झाले. अंत्ययात्रेस गरीब लोकांची गर्दी लोटली होती. ते प्रेमळ मठाधिपति म्हणून त्यांस ओळखीत. शास्त्रज्ञ म्हणून कोणी नाहीं. कराचें भांडण मिटविण्याच्या भरांत मागून त्यांचे बहुतेक कागद जाळून टाकण्यांत आले.

सोळा वर्षांनीं, १९०० सालीं, हॉलंडमधील द फ्रीस व जर्मनींतील कोरेन्स यांना आपापल्या प्रयोगांत तोच तिनास एकचा नियम आढळला, आणि जुने अंक चाळतां मेंडेल यांचा निबंध हातीं लागला. ऑस्ट्रियांतील चेर्माक यांचेंहि नांव त्यांच्याबरोबर घेतात. तेथून पुढें या शास्त्राची वाढ झपाट्यानें झाली. १९३६ सालीं इंग्रज गणिती फिशर यांनीं मेंडेल यांचे आंकडे अपेक्षेशीं फारच जुळतात अशी शंका काढली व त्यावर पुष्कळ वाद झाला. पण नियम अबाधित राहिला, कारण तो नंतर असंख्य वेळां पडताळून पाहण्यांत आला आहे.

याच नियमाचा अत्यंत घोर दुरुपयोगहि झाला, हें आपणांपासून लपवूं नये. वाटाण्याप्रमाणें माणसांचीहि निवड करावी असें म्हणणारे लोक निघाले, आणि १९३३ सालीं नाझी जर्मनींत सक्तीनें वंध्य करण्याचा कायदाच झाला. त्यापूर्वीं १९३० सालीं पोप पायस अकरावे यांनीं विवाहावरील परिपत्रकांत अशा सक्तीचा निषेध केला होता. आपल्याकडेहि कुळ, बीज व रक्त यांच्या नांवाखालीं माणसाला उंच-नीच ठरविणारे लोक कमी नाहींत. त्यांना मेंडेल यांचा आधार मिळत नाहीं. सुरकुतलेला दाणा पापी नसतो व गुळगुळीत दाणा कुलीन नसतो. मात्र ज्ञानाचा योग्य उपयोग टाळूं नये. महाराष्ट्राच्या कित्येक आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार याच नियमानें उतरतो. आईबाप दोघेहि वरून निरोगी पण वाहक असतील, तर प्रत्येक मुलाच्या वेळीं आजाराचा संभव चारांत एक असतो. एक मूल आजारी निघालें म्हणजे पुढचीं तीन सुटलीं असा त्याचा अर्थ नव्हे. नाणें दर वेळीं नव्यानें उडतें. विवाहापूर्वीं रक्ताची साधी तपासणी केली तर हें आधींच कळतें, आणि लग्नाच्या तयारीसाठीं माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी तें आवर्जून सांगतों.

रशियांत १९४८ सालीं मेंडेल यांचें शास्त्र सरकारी हुकुमानें खोटें ठरविण्यांत आलें. तें वारें ब्र्नोपर्यंत पोंचलें. १९१० सालीं जगभरच्या शास्त्रज्ञांनीं वर्गणी काढून शहरांतील चौकांत उभारलेला मेंडेल यांचा संगमरवरी पुतळा तेथून हलवून मठाच्या आवारांत ठेवण्यांत आला, आणि १९५० सालीं मठच बंद झाला. पुढें काळ पालटला. १९६५ सालीं, निबंधाच्या शताब्दीस, जगांतील शास्त्रज्ञ त्याच शहरीं जमले, व १९८९ नंतर आगुस्तीनियन बंधूंना आपला मठ परत मिळाला.

तेरेझियाची गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. तिनें दिलेला वांटा भाऊ विसरला नाहीं. तिच्या तीन मुलांच्या शिक्षणाचा भार मेंडेल यांनीं उचलला, व त्यांपैकीं दोघे वैद्य झाले. १९०२ सालीं हाइन्झेंडॉर्फ येथें मेंडेल यांचा स्मृतिफलक बसविण्यांत आला, तेव्हां गांवकऱ्यांपुढें मामांविषयीं बोलावयास उभे राहिले ते त्यांतील एक, डॉक्टर आलोइस शिंडलर.